मंगळाला बांध

बाबांच्या कपाटात एक पितळी कंपास आहे. प्रिझमॅटिक कंपास, चामड्याच्या डबीतला. खाणीवर सर्व्हेच्या कामाला लागले तेव्हा त्यांनी तो पदरच्या पैशाने घेतला, आणि पुढे सगळ्या नोकरीत जवळजवळ वापरलाच नाही. खाण गोव्यातल्या डिचोलीच्या पट्ट्यातली. तिथं मोजणी व्हायची ती थिओडोलाइटने, पुढे टोटल स्टेशन आलं. मी दहाएक वर्षांचा असताना हट्ट करून त्यांच्याबरोबर बेंचवर गेलो होतो. (खाणीच्या पायरीला बेंच म्हणतात. शाळेतला बाक नव्हे, हे मला तिथं गेल्यावर कळलं.) त्यांनी कंपास माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, चाल. वीसेक पावलं गेलो तर सुई सरकली. मागे आलो, सुईही मागे आली.

“लोखंडाच्या डोंगरावर सुईला दिशा विचारू नये,” बाबा म्हणाले. “ती इथं माहेरी असते.”

गोव्याचं खनिज बहुतेक हेमॅटाइट. लाल, आणि चुंबकाला फारसं न जुमानणारं. पण मध्येच कुठंतरी मॅग्नेटाइट लागतं आणि तिथं सुईचं डोकं फिरतं. आता मी उच्च माध्यमिकच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा धडा आला की आकृत्या काढायच्या आधी ही गोष्ट सांगतो. आणि तिच्या पाठोपाठ दुसरी, जिचा नायक आपल्याला आवडावा असा मुळीच नाही.

१५३८ साली दों जुआंव द काश्त्रु लिस्बनहून गोव्याला आला. वाटेत त्याने ४३ ठिकाणी सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते मोजलं आणि टिपून ठेवलं. एकदा आकडे काही केल्या जुळेनात, तेव्हा त्याने शोध घेतला आणि दोष सापडला तो शेजारच्या तोफेत. तोफेचं लोखंड सुईला ओढत होतं. त्याच वर्षी डिसेंबरात वसईजवळ पुन्हा तसंच झालं, पण या वेळी जवळ तोफ नव्हती. त्याने निष्कर्ष काढला की हे काम खडकांचं असावं. पुढे हाच माणूस पोर्तुगीज हिंदुस्थानाचा गव्हर्नर झाला, मग व्हाइसरॉय, आणि १५४८ साली गोव्यातच मेला. वेढ्यात पडझड झालेला दीवचा किल्ला पुन्हा बांधायला पैसे हवे होते, तेव्हा त्याने म्हणे आपल्या दाढीचे केस गोव्याच्या नगरसभेकडे गहाण म्हणून पाठवले. त्याच दशकात तिसवाडीतली देवळं पाडली जात होती. मुलांना मी दोन्ही सांगतो, तोफही आणि देवळंही. सुईने मात्र त्याला खरं तेच दाखवलं.

वसईचा तो खडक म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा पत्थर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजला, तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइटच्या बारीक कणांनी त्या घडीचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अंगात जिरवून घेतलं आणि तसेच गोठले. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. म्हणजे काश्त्रुच्या सुईला दोन उत्तरा ऐकू येत होत्या, एक त्या दिवसाची आणि एक कोट्यवधी वर्षांपूर्वीची. बिचारी गोंधळणार नाही तर काय.

हे सगळं मंगळापर्यंत कसं जातं ते सांगतो. ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ हे यान १९९७ साली मंगळाभोवती फिरू लागलं. मंगळाला आपल्यासारखं ग्रहभर पसरलेलं चुंबकीय क्षेत्र नाही, हे पक्कं झालं. पण दक्षिण गोलार्धातल्या जुन्या, खड्ड्याखड्ड्यांच्या पठारावरून जाताना यानावरची सुई, म्हणजे मॅग्नेटोमीटर, जोरात हलली. खडक चुंबकित होते, आणि पृथ्वीवरच्या खडकांच्या मानाने फारच जोरात. तिथंही कोणे एके काळी क्षेत्र होतं आणि थिजणाऱ्या लाव्हाने ते टिपून ठेवलं होतं. हेलास नावाचं दोन हजार किलोमीटरहून रुंद असं आघाताचं खोरं आहे, तिथं मात्र सुई गप्प. आघाताने खडक तापले, जुनं पुसलं गेलं, आणि पुन्हा थंड होताना टिपायला क्षेत्रच उरलं नव्हतं. यावरून क्षेत्र विझल्याची तारीख काढतात, सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वीची. तारखेवर भांडणं आहेत, ती थोडी अलीकडे ओढणारेही आहेत. ग्रह मेला याबद्दल भांडण नाही.

मागच्या वर्षी हा भाग शिकवताना साखळी गावाकडच्या एका मुलाने हात वर केला. “सर, मग तो परत स्टार्ट करता येणार नाही? किक मारून?”

वर्ग हसला. मीही हसलो. पण प्रश्न चांगला होता आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, म्हणून मी ‘पुढच्या तासाला’ म्हणालो. शिक्षकाची ही जुनी पळवाट. पुढचा तास आला तो तीन आठवड्यांनी.

किक मारायची तर आधी गाडी कशाने बंद पडली ते कळायला हवं. ग्रहाच्या पोटातलं वितळलेलं लोखंड वीज वाहून नेतं. ते घुसळलं गेलं आणि ग्रह स्वतःभोवती फिरत असला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि टिकतं. मंगळ फिरतो आहेच, त्याचा दिवस आपल्यापेक्षा जेमतेम ४० मिनिटांनी मोठा. लोखंडही वितळलेलं आहे. २०१८ साली उतरलेल्या ‘इनसाइट’ यानाने मंगळाचे भूकंप ऐकले आणि त्यावरून पोटात द्रवरूप गाभा असल्याचं दिसलं. तो गार होऊन घट्ट झाला म्हणून क्षेत्र गेलं, असं आम्ही कॉलेजात शिकलो होतो. तसं नाही. इंधन आहे, इंजिन गरम आहे, फक्त घुसळण थांबली आहे.

आजी पेज करायची तेव्हा चुलीवर मडक्यात तांदळाचे दाणे खालून वर, वरून खाली फिरत राहायचे. मग ती लाकडं ओढून घ्यायची, मडकं निखाऱ्यांवर ठेवायची आणि वर झाकण दाबायची. पेज तासभर कढत राहायची, पण आत एक दाणा हलायचा नाही. घुसळण उष्णतेने होत नाही, उष्णता एकीकडून येऊन दुसरीकडे जोरात निघून गेल्याने होते. मंगळाच्या गाभ्यावर सतराशेएक किलोमीटर जाडीचं दगडी झाकण आहे आणि आतली उष्णता त्यातून फार सावकाश झिरपते. पृथ्वीला आणखी एक सोय आहे. तिच्या गाभ्याचं मधलं लोखंड थिजत जातं, त्यात न मावणारी हलकी द्रव्यं वर ढकलली जातात आणि तीही घुसळतात. मंगळाच्या गाभ्यात गंधक आणि इतर हलक्या द्रव्यांचा भरणा मोठा, त्यामुळे तो सहजी थिजत नाही.

म्हणून अणुबॉम्ब फोडून मंगळाचा गाभा तापवू म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. पेज गरमच आहे, बाबांनो. झाकण काढायचं आहे. आणि माणसाने आजवर पाडलेलं सगळ्यात खोल भोक, रशियातलं कोलाचं, ते आहे १२ किलोमीटर आणि वर थोडं.

आत हात पोचत नाही म्हटल्यावर शहाण्यांनी बाहेरून विचार सुरू केला. २००८ साली जपानच्या फ्यूजन संशोधन संस्थेतल्या दोघांनी पृथ्वीसाठीच एक हिशेब मांडला होता. उद्या आपलं क्षेत्र क्षीण झालं तर अक्षांशांच्या रेषांवरून अतिवाहक, म्हणजे विजेला जराही न अडवणाऱ्या, तारांची १२ कडी पृथ्वीभोवती घालायची आणि त्यांत वीज खेळवायची. रूथ बॅमफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंगळासाठी याहून अजब युक्ती काढली. मंगळाचा चंद्र फोबोस साडेसात-पावणेआठ तासांत एक फेरी मारतो. त्याच्या पृष्ठावरचं द्रव्य उधळून, त्याचे विद्युतभारित कण करून त्याच्याच वाटेवर पसरायचे, आणि त्या कड्यातून प्रवाह वाहवायचा. चंद्राची माती उडवून ग्रहाला कडं! मला ही कल्पना फार आवडते. होणार नाही, तरी आवडते.

सगळ्यात गाजली ती तिसरी, नासाच्या जिम ग्रीन यांनी २०१७ साली मांडलेली. सूर्य आणि मंगळ यांच्या मध्ये, मंगळापासून दहा लाखांहून थोड्या जास्त किलोमीटरवर एक बिंदू आहे, तिथं यान मंगळाच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरू शकतं. तिथं एक-दोन टेस्लाचा चुंबक ठेवायचा. सौर वारा, म्हणजे सूर्याकडून सतत येणारा आणि मंगळाची हवा ओढून नेणारा विद्युतभारित कणांचा झोत, त्यावर आदळून दोन्हीकडे फाकेल आणि मंगळ त्याच्या सावलीत राहील. एक-दोन टेस्ला म्हणजे काय? हॉस्पिटलातल्या एमआरआयच्या बोगद्यात दीड टेस्ला असतो. मुलांना हे सांगितलं की ती म्हणतात, एवढंच? तेव्हा सांगावं लागतं की एमआरआयच्या खोलीबाहेर पडलात की खिशातल्या किल्ल्या खिशातच राहतात. चुंबकाचा जोर अंतराच्या घनाने घटतो. एका माणसापुरता एमआरआय आणि आख्ख्या ग्रहापुढे धरायची छत्री, यांच्या पसाऱ्यात काही ताळमेळ नाही.

छत्री म्हणतात सगळे. मला पहिल्यांदा वाचलं तेव्हाच वाटलं, हा बांध आहे.

माझ्या मामाचं शेत चोडणला, खाजनात. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीच्या पातळीखालची जमीन. आपल्या पूर्वजांनी कित्येक शतकांपूर्वी चिखल, पेंढा आणि चिरे घालून बांध रचले, बांधात मानस बसवली, आणि समुद्राच्या तोंडातून शेत काढून घेतलं. मानस म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरतीचं पाणी ढकलू लागलं की दारं आपोआप मिटतात, ओहोटीला शेताचं पाणी आतून ढकलून ती उघडतं. ना वीज ना पहारेकरी. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. खाऱ्या मातीतही तग धरणारं कोरगुट नावाचं भात आत पिकतं. रायबंदरहून फेरीबोटीने उतरून चालत गेलं की डाव्या हाताला खाडी आणि उजव्या हाताला शेत, आणि डोळ्यांना स्पष्ट दिसतं की खाडी शेतापेक्षा उंच आहे.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हा तसाच बांध. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून प्रचंड लोंढा आला, त्याची नोंद मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत सुया पाहून घेतली गेली आणि ती आजही जगभर वापरली जाते. (पुढे मुंबईत विजेच्या ट्रामी यायच्या म्हटल्यावर ती मोजमापं अलिबागला हलवली, १९०४ साली. ट्रामने सुई बिघडणार होती. पुन्हा तोफच.) तारायंत्रं जळली, पण जगणं चालू राहिलं. बांध हलला, फुटला नाही. याउलट २० मे २०२४ रोजी सूर्याचा असाच एक भडका मंगळावर आदळला तेव्हा ‘क्युरिऑसिटी’ गाडीने, ती तिथं उतरल्यापासूनची सर्वांत मोठी किरणोत्साराची लाट मोजली. शेजारी माणूस उभा असता तर त्याला जणू छातीचे ३० एक्स-रे एकदम काढल्यासारखं झालं असतं. आणि वर, कक्षेतून, ‘मेव्हन’ यानाला ध्रुवीय प्रकाशासारखी झळाळी दिसली. पण ध्रुवीय म्हणायचं कसं? कणांना ध्रुवाकडे वळवणारं क्षेत्रच नाही, तेव्हा ती ग्रहभर पसरली. बांध नसलेल्या शेतात पाणी कुठून शिरलं असं विचारत नाहीत.

हे मेव्हन आणि आपलं मंगळयान २०१४ च्या सप्टेंबरात दोन दिवसांच्या अंतराने मंगळावर पोचले. खाणी तेव्हा बंद होत्या. २०१२ पासून बाबा घरीच. २४ सप्टेंबरच्या सकाळी टीव्हीपुढे बसून त्यांनी सगळं पाहिलं आणि मंगळाचा लाल फोटो आला तेव्हा म्हणाले, “आमचा डंप.” (डंप म्हणजे खाणीतली टाकाऊ माती ओतून झालेला डोंगर.) बरं, इथं मी ‘आधी डिचोलीचे डोंगर नीट करा, मग मंगळाचं बघा’ असं लिहीन अशी अपेक्षा असेल. भाषणात टाळ्या घ्यायला मी हे वाक्य वापरलेलं आहे. आता त्याचा कंटाळा आला. डंपावर लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळी मी पाहतो, पाण्याने भरलेले खंदक पाहतो. त्यांचं भलं मंगळावर चुंबक न ठेवल्याने होणार नाही.

मला वेगळं काही खटकतं. दोन वर्षांमागे पावसाळ्याच्या तोंडावर मामाच्या शेताचा बांध फुटला. मी रविवारी गेलो. खारं पाणी आत येऊन गेलं होतं, जमिनीवर पांढरट साय धरली होती. बांध परत घातला की झालं ना, असं मी म्हणालो. मामाने माझ्याकडे पाहिलं तसं मी त्या ‘किक’वाल्या मुलाकडे पाहिलं असणार.

“बांध घातला म्हणजे शेत झालं नव्हे रे. बांध पाणी अडवतो. मीठ धुवायला पाऊस लागतो. दोन-तीन पावसाळे. मग भात.”

मंगळाचं हेच आहे. मेव्हनच्या मोजणीप्रमाणे त्याचं वातावरण आज सेकंदाला दोन-तीन किलो या वेगाने अवकाशात निसटतं. ऐकायला भयंकर वाटतं. पण त्याच्याकडे आजही सुमारे २५ लाख कोटी टन हवा आहे, ती या वेगाने संपायला २५ ते ४० कोटी वर्षं लागतील. गळती खरी, पण मडकं गळून रिकामं झालं ते फार पूर्वी, सूर्य तरुण आणि तापट होता तेव्हा. हवेतल्या आरगॉनच्या हिशेबावरून त्याचा ६५ टक्के साठा निसटून गेल्याचं मेव्हनच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली सांगितलं. आज बांध घातला तर उरलेलं टिकेल, आणि उरलेलं म्हणजे पृथ्वीच्या हवेच्या दाबाचा एक टक्काही नाही. छत्री धरली की बर्फ वितळून हवा आपोआप दाट होत जाईल, असं ग्रीन यांना वाटतं. पण २०१८ साली ब्रूस जॅकोस्की आणि क्रिस्टोफर एडवर्ड्स यांनी मंगळावरचा हाताशी येण्याजोगा सगळा कार्बन डायऑक्साइड मोजून पाहिला. ध्रुवावरचा बर्फ, मातीत मुरलेला, खडकातला, सगळा मोकळा केला तरी दाब पृथ्वीच्या एक-पन्नासांशापर्यंत जेमतेम जातो. पाऊस नाही तो नाहीच.

शिवाय शुक्र आहे. त्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, सूर्याला तो आपल्याहून जवळ, आणि हवा मात्र आपल्या नव्वदपट दाबाची. बांधाशिवायही शेत राहतं कधीकधी, जमीन उंच असेल तर. चुंबकावाचून सगळं अडलंय, असं जे सरसकट लिहिलं जातं त्यावरचा माझा विश्वास शुक्राने उडवला. आधी हवा आणायची, हजारो वर्षं आणत राहायची, धूमकेतू ओढून आणा की काय करायचं ते करा. चुंबकाची पाळी त्यानंतर, आणलेलं टिकवायला. कामांचा क्रम चुकलाय, एवढीच माझी तक्रार.

आणि टिकवायचं कोणी? तो मधला बिंदू डोंगराच्या माथ्यासारखा आहे, दरीसारखा नाही. तिथं ठेवलेली वस्तू हळूहळू घसरते, सतत जागेवर आणावी लागते. अतिवाहक तारा थंड ठेवाव्या लागतात. खाजनाचे बांध गावकरी, म्हणजे गावाची जुनी सामाईक संस्था, सांभाळायची, तिच्या नोंदी असायच्या, दंड असायचे, बांधावर कोणी कधी फिरायचं ते ठरलेलं असायचं. १९६१ नंतर, कूळ कायदा आल्यावर, ते काम कुळांच्या संघांकडे गेलं. कायदा न्यायाचाच होता, मी त्याच्याविरुद्ध बोलत नाही. पण मामाच्या संघातल्या निम्म्या घरांची मुलं आज पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडातल्या स्विंडनला आहेत आणि बैठकीला कोरम भरत नाही. साठएक वर्षांत एवढं होतं. मंगळाच्या बांधाला हजारो वर्षांचे भाऊबंद लागतील.

मुलाला मी शेवटी हेच सांगितलं, थोडक्यात. तो म्हणाला, “म्हणजे सर, किक मारून उपयोग नाही, टाकीच रिकामी.” मी तीन आठवडे घेतले होते.

फुटलेल्या बांधाचा अर्ज सरकारी कचेरीत द्यायचा होता आणि कचेरीला नकाशा हवा होता. मामाने फोन केला, भावोजींना घेऊन ये म्हणाला. बाबा आता पंच्याहत्तरीला आलेत, गुडघे दुखतात, तरी निघाले. फेरीबोटीत त्यांच्या मांडीवर चामड्याची डबी होती. बांधावर नुसता चिखल, लोखंडाचा डोंगर कोसभर नाही. मी टेप धरली, मामा पलीकडच्या टोकाला जायच्या आधी बाबांच्या बाजूलाच उभा राहून बघू लागला. बाबांनी कंपास डोळ्याला लावला, थांबले, खाली घेतला, पुन्हा लावला. भरती सुरू झाली होती, मागे मानशीची दारं एकेक करून मिटत होती.

“बिघडला काय?” मी विचारलं.

बाबांनी मामाच्या कमरेकडे बोट केलं. “तो कोयता घेऊन जरा लांब उभा राहा बघू.”

मामा दहा पावलं मागे गेला. सुई थोडी डोलली आणि थांबली.